वरून नऊ, आतून सतरा

सांगलीच्या खो-खो स्पर्धेत सुजाताचं वय सकाळी नऊ होतं. दुपारी ते सतरा झालं. गट होता चौदा वर्षांखालचा.

वडूजच्या संघातली ही पोर कुणाच्या हाती लागेना, म्हणून समोरच्या संघाने वयावर हरकत घेतली. नव्वदच्या दशकात जन्मदाखल्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. मैदानावरच्या डॉक्टरांनी तिचे दात पाहिले. दुधाच्या दाढा अजून तशाच. "नऊ," ते म्हणाले. हरकतवाले ऐकेनात. मग तिला एक्स-रेसाठी माझ्या दवाखान्यात आणलं. मी डेंटिस्ट.

दाताचं मूळ वाढत जातं आणि शेवटी त्याचं टोक बंद होतं. त्यावरून वयाचा अंदाज येतो. सुजाताची सगळी टोकं बंद होती. म्हणजे सतरा.

सोबत आलेले स्पर्धाप्रमुख निवृत्त पीटी मास्तर होते. "डॉक्टर, वरून नऊ आणि आतून सतरा?"

"आवं, पोरगी मी जन्माला घातली. मला इचारा की!" सुजाताची आई भडकली. "तेरा पुरी हायत."

मी एक्स-रे पुन्हा पाहिला. मुळं बंद होती, पण फार आखूड. दुधाच्या दाढांखाली पक्के दात नव्हतेच.

"लहानपणी मोठं दुखणं झालं होतं का?"

"व्हय. तिसऱ्या वर्षी रक्ताचा कॅन्सर. मुंबईला किमो दिली. वाचंल का न्हाई, कुणी सांगत नव्हतं."

उलगडा झाला. किमोची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारतात. कॅन्सरच्या पेशी तशा, घडणाऱ्या दातांच्याही तशाच. काही दात बनलेच नाहीत, उरलेल्यांची मुळं अर्ध्यातच मिटली.

"मग खरं वय?" प्रमुखांनी विचारलं.

"दातांवरून कळणार नाही. आई सांगतात ते धरा."

"तसं कसं? काहीतरी शास्त्रीय पाहिजे." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "नऊ आणि सतरा सव्वीस. भागिले दोन. तेरा!"

हरकतवाल्यांनाही पटलं. सरासरी म्हटल्यावर कोण बोलणार? मी बोलायला तोंड उघडलं, सुजाताकडे पाहिलं आणि मिटलं.

"त्या दुधाच्या दाढा जपा," मी आईला सांगितलं. "खाली दुसऱ्या नाहीत."

"जपू की. आदी मॅच हुं द्या."

सुजाता शेवटपर्यंत बाद झाली नाही. संघ मात्र हरला.

तेव्हापासून दातांवरून वय सांगण्याआधी मी आजारपणं विचारतो. आणि उत्तर बरोबर आलं असेल, तर रीत तपासत बसत नाही.