पांढऱ्या सेजचं पाणी

जयवंती खोटं बोलायला शिकली तेव्हा ती सत्तरीला टेकली होती. उशिरा शिकली, त्यामुळे फार वाईट बोलायची. डोळे जमिनीकडे, पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं आणि वाक्य मध्येच तुटलेलं. मी तिची शेजारीण, थेरेसा. आमच्या आणि त्यांच्या वाडीच्या मध्ये एकच बावखल, म्हणजे शिंपण्याच्या पाण्याचं तळं. गेली कित्येक वर्षं तिच्या घरातली भांडणं मला त्या पाण्यावरून ऐकू येतात. त्यामुळे तिचं खोटं मला पहिल्याच दिवशी कळलं.

ती आगाशीहून लग्न होऊन आमच्या पापडीच्या आळीत आली. पहाटे मोगरा खुडायचा, दिवस वर आला की केळीची पानं कापायची, दुपारी वालाच्या शेंगा सोलायच्या. स्वतःबद्दल ती कधी काही बोलली नाही. विचारलं तर म्हणायची, आमच्यात बोलायचं काम यांचं. 'हे' म्हणजे हरिश्चंद्रभाऊ. या माणसाचं एकदा पोटच्या पोराच्या बारशाला जायचं राहिलं असतं, पण सकाळचं शिंपणं राहिलं नसतं. पंप आले, पाइप आले, तरी कळशी हातात घेऊन प्रत्येक रोपाशी उभं राहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मासळी धुतलेलं पाणी तर त्यांना अमृतासारखं. आमच्याकडे, मग घर तुळशीवाल्यांचं असो की आमच्यासारखं क्रूसवाल्यांचं, मासळीचं पाणी मोरीत ओतणारी बाई उधळी ठरते. ते पाणी झाडालाच जायचं. कुठल्या झाडाला, हे भाऊ ठरवायचे.

गेल्या वर्षापासून भाऊंना विसर पडायला लागला. आधी नावं गेली. मग पंप चालू करून ते निघून जायला लागले आणि अळूचा वाफा दिवसभर तुडुंब भरून राहायला लागला. मग एका सकाळी ते बावखलाच्या कडेवरून घसरले. माझे यजमान ॲन्सेल्म तिथंच होते म्हणून बरं. त्यांनी काखेत हात घालून बाहेर काढलं. भाऊ चिखलाने माखलेले, आणि आपण पाण्यात गेलो होतो हे घरी पोचेपर्यंत ते विसरूनही गेले होते. जयवंतीने त्यांना आंघोळ घातली, मग आमच्या दारात आली आणि प्रितेशला यातलं काही कळू देऊ नका म्हणाली.

प्रितेश हा तिचा मुलगा. त्याचा वालीवला छोटा कारखाना आहे, राहायला विरारला. वाईट मुलगा असता तर गोष्ट सोपी होती, दोन शिव्या घालून मी मोकळी झाले असते. पण तो जिवाला लावून घेणारा मुलगा. त्याने स्पष्ट सांगून ठेवलं होतं की बाबांचं आणखी काही कमीजास्त झालं तर दोघांना विरारला नेणार, वाडीत एवढं पाणी असताना त्यांना असं ठेवणार नाही. त्याचं चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

पण विरारचा प्रयोग एकदा झाला होता. आठवडाभर भाऊ त्या फ्लॅटमध्ये होते. सकाळी उठून बादल्या भरायचे, गॅलरीत उभे राहायचे आणि वाडी कुठल्या बाजूला ते विचारायचे. दोन दिवसांनी जेवण सोडलं. जयवंतीने त्यांना घरी आणलं तेव्हा ते बायकोला ओळखत नव्हते. वाडीत पाय ठेवल्यावर, सोनचाफ्याखाली बसल्यावर, संध्याकाळी त्यांनी तिला नावाने हाक मारली. तेव्हाच तिने मनाशी ठरवलं असणार. इथून उठवलं तर हा माणूस आपल्याला कायमचा विसरेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या एका भीतीने ती आतून पोखरली होती.

असं सगळं धाग्यावर लटकलेलं असताना सलोनीने ती कुंडी आणली.

सलोनी म्हणजे प्रितेशची बायको. नालासोपाऱ्यात चौथ्या मजल्यावर वाढलेली, डब्यात कोथिंबीर उगवली तरी दहा जणांना फोटो पाठवणारी. तिने इंटरनेटवरून पांढऱ्या सेजचं, म्हणजे एका परदेशी सुगंधी झुडपाचं, बी मागवलं होतं. बहुतेक सगळं कुजलं, एकच रोप जगलं. विरारच्या गॅलरीसमोर नवी इमारत उठली आणि ऊन गेलं, म्हणून गणपतीच्या सुट्टीत ती ते रोप वाडीच्या घरी घेऊन आली. पानं चांदीसारखी पांढरट, हाताला मखमल लागावी तशी लव, आणि चुरडलं की कापरासारखा उग्र वास. झाड अमेरिकेतल्या कोरड्या डोंगरातलं. सलोनीने सांगितलं की याला ऊन भरपूर द्यायचं आणि पाणी जवळजवळ द्यायचंच नाही. माती पार सुकली की थोडंसं, तेही खालून निथळून गेलं पाहिजे. मुळं ओली राहिली की झाड मेलं.

भाऊंनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी सांगतंय, पोराला उपाशी ठेवा. पण सुनेसमोर गप्प बसले. कुंडी गच्चीवर पत्र्याखाली गेली, पाऊस लागणार नाही आणि ऊन मिळेल अशी.

दुसऱ्याच दिवशी भाऊंनी तिला कळशीभर पाणी घातलं.

जयवंतीने सांगितलं, याला पाणी नको. ते म्हणाले, बरं. जेवण झाल्यावर त्यांनी परत घातलं. त्यांना सकाळचं आठवत नव्हतं, आणि बायकोचं बोलणंही आठवत नव्हतं. हाताला मात्र शिंपणं आठवत होतं. ही सगळ्यात वाईट गोष्ट. विसरणाऱ्या माणसाच्या हाती हे झाड खरं तर सुखात राहायला हवं, पण आमच्या वाडीवाल्याचं डोकं गेलं तरी हात जात नाही.

चारआठ दिवसांत पानं खाली लोंबायला लागली. जास्त पाण्याने लोंबणारं पान आणि तहानेने लोंबणारं पान दिसायला सारखंच. भाऊंनी ते पाहिलं आणि हळहळून आणखी पाणी आणलं. जयवंतीने कुंडी टाकीमागे लपवली. त्यांनी शोधून काढली. तिने ती आमच्याकडे ठेवली, तर ते कुंपणाशी येऊन आमच्या दारातलं झाड सुकलंय म्हणून मला बोलले आणि बादली घेऊन आत शिरले. शेवटी मी आणि जयवंतीने कुंडी उपडी केली. माती दलदलीसारखी, मुळांची टोकं काळी. काळं झालेलं कापलं, रेती आणि विटांचे तुकडे घालून नवी कुंडी भरली आणि परत गच्चीवर नेली. ती एकेक मूळ बोटाने चाचपून बघत होती. मी म्हटलं, एका झाडासाठी एवढं काय, मेलं तर सुनेला सांगू की हवा मानवली नाही.

"हे मेलं तर ती इचारेल पानी कोनी घातलं," ती म्हणाली. "मग प्रितेशला सगळं कळंल. मना हे झाड नाय वाचवायचं, मना यांना वाचवायचं हाय."

त्यानंतर मी शहाणपणा शिकवायचं सोडलं. सलोनी मोबाइलवर फोटो मागायची, जयवंती कुंडीची बरी बाजू उन्हाकडे वळवून फोटो काढायची. प्रितेशचा फोन आला की छातीशी हात धरून बोलायची. बाबा कसे आहेत? छान आहेत. पंप? सगळं छान. मी पलीकडून ऐकायचे आणि मला तिचा रागही यायचा. एका बाजूला बावखल, दुसऱ्या बाजूला हा माणूस, आणि ही बाई दिवसभर घारीसारखी त्यांच्यावर नजर ठेवून. कुणीतरी मरेल यात, असं मी ॲन्सेल्मला म्हटलंदेखील.

नवरात्र संपल्यावरच्या रविवारी दोघं न सांगता आले. मी चर्चमधून, रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेहून परतत होते, गाडी दिसली म्हणून त्यांच्याकडेच वळले. जयवंती मागच्या पडवीत बोंबील साफ करत होती. सलोनी सरळ गच्चीवर गेली आणि कुंडी घेऊनच खाली आली. खालची पानं काळी पडलेली, माती चिंब, आणि वर मासळीचा खवला चिकटलेला. वास तर सांगायलाच नको.

"याला पाणी कोणी घातलं?" सलोनीने विचारलं. आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते.

भाऊ तिथेच झोपाळ्यावर बसले होते. "मी नाय," ते म्हणाले. अगदी सरळ मनाने म्हणाले. त्यांच्या पायाशी रिकामी बादली होती, आणि धोतराचा काठ ओला होता.

प्रितेशने बादलीकडे पाहिलं, मग बापाकडे. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला आणि हळू आवाजात विचारलं, "बाबा, आज सकाळी काय काय केलंत?"

भाऊ हसले. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे इकडेतिकडे शोधायला लागले. मी दारात उभी होते. ते जयवंतीकडे बघत होते, नेहमी बघतात तसे, की तू सांग.

"मी घातलं," जयवंती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. हाताला बोंबलाचा चिकटा, मान खाली. पण या वेळी वाक्य मध्ये तुटलं नाही.

"रोज घालते. घातलं ते आठवत नाय, म्हनून परत घालते. लई दिवस झाले. पंप पन मीच चालू ठेवते. यांच्यावर ढकलते, हे बिचारे गप राहतात."

प्रितेशने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मावशी, खरं आहे हे?"

नुकताच मिस्सा ऐकून आले होते. जिभेवरचा ख्रिस्तप्रसाद विरघळून अर्धा तास झाला नव्हता. मी मान हलवली. शब्दाने बोलले नाही, देव तेवढी सवलत देईल असं धरून चालले.

मग प्रितेश उठला आणि आईजवळ जाऊन बसला, आणि जयवंतीच्या ध्यानीमनी नव्हतं ते घडलं. तो म्हणाला, आई, तू आमच्याबरोबर चल, आजच. चांगल्या डॉक्टरला दाखवू. बाबांसाठी इथे माणूस ठेवतो, मग बघू. जयवंतीने वळून झोपाळ्याकडे पाहिलं. नवऱ्याला वाचवायला घेतलेलं खोटं आता तिलाच त्याच्यापासून तोडून नेत होतं. सलोनीने कुंडी खाली ठेवून सासूचा खांदा धरला. रागाचा मागमूसही राहिला नव्हता तिच्यात, आणि त्यामुळे सगळं आणखी कठीण झालं होतं.

तेव्हा भाऊ झोपाळ्यावरून उठले. गेल्या वर्षभरात मी त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"ती कुठं जायाची नाय," ते म्हणाले. "इसरते तर इसरू दे. मी हाय ना. मी बघीन तिच्याकडं. आख्खी जिंदगी तिनं माझं केलं, आता माझी पाळी."

आवाज जुना होता, वाडीत माणसं कामाला लावणारा. प्रितेश लहान असताना त्या आवाजाला घाबरायचा. तो बापाकडे बघत राहिला, आणि मला वाटतं त्याला जे बघायचं होतं तेच त्याने पाहिलं. एक तरी धड आहे, असं. ठरलं ते एवढंच की दिवाळी झाल्यावर आईला डॉक्टरकडे न्यायचं, तोवर बाबा लक्ष ठेवतील. कुंडी सलोनीने परत नेली नाही. जगलं तर जगलं, म्हणाली.

जगलं. कारण भाऊ आता त्या कुंडीवर पहारा देतात, बायकोने पाणी घालू नये म्हणून. बावखलाकडे एकटे जात नाहीत. ती पडेल म्हणून तिचा हात धरून जातात. ज्या सकाळी ते हे सगळं विसरलेले असतात, त्या सकाळी जयवंतीच त्यांना सांगते, माझ्यावर लक्ष ठेवा हं, मना काय आठवत नाय. रोज आपल्या तोंडाने आपल्याला वेडं ठरवायचं म्हणजे काय, ते तिचं तिला ठाऊक.

मला हे पटलेलं नाही, आणि मी तिला तसं सांगितलंय. डॉक्टरची गरज भाऊंना आहे. ती म्हणते, दिवाळीनंतरचं दिवाळीनंतर. काल दुपारी ती माझ्याकडे आली होती, डॉक्टर काय काय विचारतात ते समजून घ्यायला. माझ्या सासूबाईंनाही शेवटी असाच विसर पडायचा, त्यांना मीच दाखवायला नेत असे, त्यामुळे मला ते प्रश्न पाठ आहेत. चुकीची उत्तरं द्यायची तिला सवय करायची होती. भाऊ शेजारी बसलेले, तिचा हात हातात. मी विचारलं, जयवंती, आज वार कोणता?

शनिवार होता. तिने खाली बघत सांगितलं, "मंगळवार."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, उगाच का लपवू. त्यांनी तिच्या हातावर थोपटलं.

"मंगळवार कसा? गुरुवार हाय आज," ते म्हणाले. "असू दे. तुना नाय आठवलं तरी मना आठवतं ना."

जयवंतीने मान हलवली आणि म्हणाली, "हो, गुरुवार."