हुर्राकाच्या दिवसांतली गोळी

"गोळी बंद केलीस ना?" मी विचारलं. पार्सेचा शाणू मान खाली घालून बसला होता. नाव बदललंय, गाव खरं. बाहेर बाकावर त्याची बायको. याला एचआयव्ही, तिला नाही. दोघांना मूल हवं होतं.

मी सरकारी दवाखान्यात काउन्सेलर. गोळ्या फुकट मिळतात, त्या घशाखाली उतरवणं हे माझं काम.

शाणूचे सीडीफोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, घसरले होते. व्हायरस पुन्हा वाढला होता. अशात मुलाचा विचार म्हणजे बायकोच्या जिवाला घोर.

"काजूचो सीझन, मॅडम. पोटात हुर्राक, वर गोळी. दोनय गरम."

आमच्याकडे दरवर्षी हेच. हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, सोडत नाहीत, गोळी सोडतात.

"आणि मोबाइलार बघितलंय," तो म्हणाला, "आफ्रिकेत माकडांका असोच व्हायरस आसता, पण ती मरणत नाय. मग माका गोळी कशाक?"

"तू माकड आहेस का?" माझा पारा चढला. पण माहिती खरी होती, म्हणून नीट सांगितलं. काही माकडांत तसा व्हायरस भरपूर असतो, पण त्यांचं शरीर सतत बोंब मारत नाही. आपलं मारतं. व्हायरस थोड्याच पेशींत पुरता शिरतो, मरतात त्या बहुतेक शेजारच्या. त्या फुटतात, फुटताना आणखी पेशींना हाक देतात, आणि आलेल्याही मरतात.

"बागेक आग लागता तशी," शाणू हळूच म्हणाला. "इजवूक धावलेलेच भाजतत."

"तसंच. गोळी ती आग पेटूच देत नाही. हुर्राक पिऊ नकोस. प्यायलास तरी गोळी चुकवू नकोस."

पुढच्या काजूपर्यंत व्हायरस रिपोर्टात सापडेनासा झाला होता. सीडीफोरही वर आले. मग डॉक्टरांनी मुलासाठी हो म्हटलं.

त्याच्या पुढच्या काजूला दोघं आली. बायकोच्या कुशीत तान्ही मुलगी, आणि बायकोचा रिपोर्ट अजून निगेटिव्ह. शाणूने टेबलावर निरोची, म्हणजे काजूच्या ताज्या रसाची, बाटली ठेवली. "ह्यात दारू नाय हां." मला त्याचा फार अभिमान वाटला. थोडा माझाही, का लपवू?

तेव्हापासून मार्च लागला की समोर बसलेल्याला मी आधी विचारते, हुर्राकाची भट्टी लावलीस का? गोळीचं नंतर.