स्प्रिंगवाल्या वत्सलाक्का

वत्सलाक्का कुणाच्याही घरी गेल्या की आधी सोफ्यावर बसत नसत, सोफा दाबून बघत. दोन बोटांनी, डोळे मिटून, वैद्याने नाडी बघावी तसा. मग निकाल सांगत, "दमलाय." आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा दहा मिनिटांत त्यांनी सोफा, दाराची कडी, कपड्यांचे चिमटे आणि मी ऑफिसातून ढापलेलं बॉलपेन एवढ्यांची तपासणी उरकली. पास झालं ते फक्त पेन. "ह्यात दम आहे. बाकी सगळं दमलंय. तू पण स्वल्प दमलीस, अल्वा?" म्हणाल्या. स्वल्प म्हणजे कन्नडमध्ये थोडंसं, आणि अल्वा म्हणजे 'हो ना?' मला तेव्हा स्वल्प म्हटलं की शाळेतला स्वल्पविराम तेवढा आठवायचा.

सर्जापूर रोडवरच्या आमच्या अठरा मजली इमारतीत त्या समोरच्या फ्लॅटमध्ये मुलाकडे राहत. घराणं चार पिढ्या बंगळुरातलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड शब्द कढीपत्त्यासारखे कुठेही सापडत. पीण्या नावाच्या तिथल्या औद्योगिक भागात त्यांच्या यजमानांचा स्प्रिंगा बनवायचा छोटा कारखाना होता. ते गेल्यावर अक्कांनी तो एकटीने अकरा वर्षं चालवला. मग मुलाने तो बंद केला आणि आईला सांगितलं, आता आराम कर. 'आराम' हा शब्द उच्चारताना अक्कांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं. "आराम करून करून माझीच स्प्रिंग बसली बघ," असं त्या मला लिफ्टमध्ये सांगत. त्यांना कुणी काम सांगत नव्हतं, हे त्यांचं खरं दुखणं होतं.

आमची खरी गट्टी जमली ती बाबांमुळे. आई गेल्यावर मी बाबांना नागपूरहून जवळजवळ उचलूनच माझ्याकडे आणलं. आल्या दिवसापासून ते परत जायचं निमित्त शोधत होते, आणि ते त्यांना न्हाणीघरातल्या नळाने दिलं. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, टाकी गच्चीवर. एवढ्या उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा जोर कमी करायला बाहेरच्या पॅसेजमध्ये, पाइपांच्या कपाटात एक व्हॉल्व्ह असतो. तो बिघडला. नळ उघडला की बादली मागे सरकायची आणि तांब्या भिंतीवर जाऊन आदळायचा. संडासातल्या जेटविषयी मी लिहिणार नाही. बाबा त्याविषयी एकच वाक्य बोलले, "मी बसल्या जागी उभा झालो, बाप्पा."

बाबांनी चाळीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, त्यामुळे त्यांचं कुठलंही म्हणणं आधीच सिद्ध झालेलं असतं. त्यांनी जाहीर केलं, "हा नळ मला मारून राहिला. मी चाललो नागपूरला. तिथं पाणी दिवसाआड येते, पण सभ्यपणानं येते." सोसायटीच्या प्लंबरने नवा व्हॉल्व्ह यायला तीन आठवडे लागतील असं सांगितलं. बाबांनी रविवारचं तिकीट काढलं. मी विनवण्या केल्या, रडले, शेवटी त्यांची बॅग माळ्यावर लपवली. त्यांनी शांतपणे सगळं दोन कापडी पिशव्यांत भरलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. गॅस बंद करायला विसरणारा माणूस त्या घरात एकटा राहणार आणि मी इथे फोनकडे बघत जगणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

आमचं भांडण समोरच्या घरात ऐकू गेलंच. शुक्रवारी सकाळी अक्का एका हातात पान्हा आणि दुसऱ्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन दारात हजर. डब्यात नाना आकारांच्या स्प्रिंगा होत्या. "बदलायचं मग बघू. आधी उघडू," म्हणाल्या आणि पदर खोचून पाइपांच्या कपाटात शिरल्या. आधी मागचा कॉक बंद केला, वरचा स्क्रू सैल केला, टोपण काढलं आणि आतली स्प्रिंग बाहेर काढून दोन बोटांत दाबली. "दमली." खरा दोष मात्र खाली होता. झडप जिथे बसते तिथे वाळूचे खडे आणि पांढरा थर साचला होता, त्यामुळे ती मिटतच नव्हती. अक्कांनी जुन्या टूथब्रशने तो घासून काढला. मग डब्यातली स्प्रिंग बसवली, ती केवळ तत्त्व म्हणून.

आता पाण्याचा जोर बेताचा करायचा होता. अक्का बाहेर स्क्रूपाशी आणि बाबा आत नळापाशी. अक्का स्क्रू स्वल्प फिरवत आणि ओरडत, "साकु?" कन्नडमध्ये साकु म्हणजे पुरे. नळाच्या आवाजात बाबांना ऐकू आलं 'चाकू'. ते स्वयंपाकघरात गेले आणि भाजीचा चाकू घेऊन पॅसेजमध्ये आले.

"अय्यो मेष्ट्रे! चाकू कशाला?" अक्का दोन पावलं मागे सरकल्या. त्या बाबांना पहिल्या दिवसापासून मेष्ट्रे, म्हणजे मास्तर, म्हणत.

"तुम्हीच तर मागून राहिल्या!"

"साकु म्हटलं, साकु. साकु म्हणजे पुरे!"

"मग पुरे म्हणा ना. मराठी आहात ना तुम्ही?"

"चार पिढ्या हेच मराठी बोलतोय आम्ही! तुमचं ते 'राहिल्या राहिल्या' काय मराठी आहे?"

हा वाद चालू असताना आत बादली भरून वाहत होती. मी घरूनच ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये स्वतःचा आवाज बंद करून फरशी पुसत होते.

शेवटी पाणी वळणावर आलं आणि अक्का कॉफी प्यायला आत बसल्या. बाबांना मात्र ते अजून थोडं कमी हवं होतं. नळ आवळला की पाणी कमी होतं, हे त्यांच्या मते स्वयंसिद्ध. त्यांनी बाहेर जाऊन स्क्रूला दोन घट्ट आटे दिले आणि येऊन नळ उघडला. तांब्या, साबणदाणी आणि बाबांचा चष्मा तीन दिशांना गेले.

अक्का खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. "मेष्ट्रे, हा नळ नव्हे. आत स्प्रिंग आहे. जेवढी आवळाल तेवढं पाणी उसळणार. सैल सोडा, गप्प बसेल." मग कपबशी खाली ठेवून माझ्याकडे वळल्या. "तू पण. बापाला किती आवळतेस गं? त्यांची बॅग दे बघू खाली काढून."

मला ते झोंबलं. पण मी स्टुलावर चढून बॅग काढून दिली. शनिवारभर ती दिवाणखान्यात पडून होती आणि बाबा तिच्या भोवतीने ये-जा करत होते. रविवारी सकाळी म्हणाले, "तिकीट कॅन्सल कर. स्क्रूचं सेटिंग अजून बाकी आहे."

ते सेटिंग पुढे तीन वर्षं बाकी राहिलं. दर पंधरा दिवसांनी आमचा व्हॉल्व्ह बिघडायचा. अक्का पान्हा घेऊन यायच्या, दोघं अर्धा तास पॅसेजमध्ये कडाकडा भांडायचे आणि मग कॉफी व्हायची. एकदा मी ऑफिसातून लवकर आले तर बाबा कपाटात डोकं घालून, माझ्या ड्रॉवरमधली पकड लावून, स्क्रूला अगदी मन लावून अर्धा आटा देत होते. मी हसत हसत अक्कांना ही चहाडी सांगितली.

"मला पहिल्या वेळेपासून ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "स्क्रूवर पकडीचे दात उमटलेत की. मी पान्हा वापरते."

"मग बोलला का नाहीत?"

"दुरुस्ती संपली की मेष्ट्रे गाडीत बसतील. आणि मी परत आराम करत बसेन. बेडा गं बाई, नको ते. सरी, ठीक आहे, चालू दे."

गेल्या थंडीत अक्का झोपेतच गेल्या. मुलाने तो बिस्किटांचा डबा आणि पान्हा बाबांना आणून दिला. त्यानंतर आमचा व्हॉल्व्ह एकदाही बिघडला नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. बाबा मुकाट्याने अंघोळ करायचे, मुकाट्याने जेवायचे. महिनाभर मी हे पाहिलं. मग एका सकाळी छातीवर दगड ठेवून विचारलं, "बाबा, नागपूरला जायचंय का? मी अडवणार नाही."

बाबांनी माझ्याकडे, भूमितीत नापास झालेल्या पोरीकडे बघावं तसं बघितलं. ते चपला घालत होते आणि डबा त्यांच्या काखेत होता.

"कसा जाऊ?" ते म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावर सकाळपासून पाणी उसळून राहिलं. ह्या बिल्डिंगमध्ये व्हॉल्व्हमधलं कळणारा आता मीच एकटा उरलो ना."