मे महिन्यातली कानटोपी

मुलांना आपले कपडे आपण निवडू द्यावेत, या विषयावर मी आयुष्यात एकच भाषण केलं, आणि तेही अर्धंच.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही शारजात राहायचो. मी बालसंगोपनाचं एक पुस्तक वाचलं होतं (पूर्ण नाही, पहिली तीन प्रकरणं) आणि तेवढ्या भांडवलावर ओळखीतल्या तमाम आयांना शहाणपण शिकवत होते. त्यामुळे बर दुबई भागातल्या मराठी महिला मेळाव्यात "दहा मिनिटं बोलशील का गं?" असं मेळावा भरवणाऱ्या देशपांडे काकूंनी विचारलं, तेव्हा मी आढेवेढेसुद्धा घेतले नाहीत. झुळझुळीत शिफॉन साडी आणली, बिनबाह्यांचं ब्लाउज शिवलं. दुबईतल्या समस्त मराठी बायकांपुढे माझी अब्रू त्या दहा मिनिटांवर होती!

गुरुवारी संध्याकाळी निघताना आमची साडेचार वर्षांची जुई खोलीतून बाहेर आली. अंगात साताऱ्याच्या आजीने विणलेला जाड लाल स्वेटर, डोक्याला गोंडेवाली कानटोपी. बाहेर बेचाळीस डिग्री!

"जुई, गुलाबी फ्रॉक घाल ना."

"नो. आय चोज धिस."

"अगं, उकडेल बाळा!"

"यू सेड आय कॅन चूज!"

"बोला वक्त्या," माझा नवरा सुहास गाडीच्या किल्ल्या वाजवत म्हणाला. "यल्ला, चल लवकर, जॅम लागेल."

मी पुस्तकातली युक्ती काढली. मुलांना निवड द्यायची, पण दोनच गोष्टींतून. "गुलाबी फ्रॉक की पिवळा?" जुईने नीट विचार केला आणि "स्वेटर" म्हणाली. मग मी लाच दिली, मग धमकी दिली (हे दोन्ही उपाय पुस्तकात नव्हते) आणि शेवटी हात टेकले.

जॅम लागलाच. शेजारच्या टॅक्सीचा ड्रायव्हर आमच्या मागच्या सीटवरची कानटोपी बघून खुदुखुदु हसत होता.

"तिला घेऊन शेवटच्या रांगेत बस," मी सुहासला बजावलं. "कुणी विचारलंच तर सांग, ताप आहे."

नवरा इतर वेळी माझं एक ऐकत नाही. त्या दिवशी ऐकलं. दारातच देशपांडे काकूंना म्हणाला, "ताप आहे तिला."

"अगं बाई! आणि भाषणापायी तापलेल्या पोरीला फरफटत आणलंस?"

"आय डोन्ट हॅव फीव्हर," जुई खणखणीत आवाजात म्हणाली. "मम्मा सेड टू से."

मी घाईघाईने हॉलमध्ये शिरले आणि बर्फाच्या पेटीत शिरल्यासारखं झालं.

"भैया, एसी थोडा कम करो ना."

"मॅडम, सेंट्रल एसी है. इधर से कुछ नहीं होता."

भाषणाच्या चौथ्या वाक्याला माझे दात वाजायला लागले. "मु-मु-मुलांना नि-निवडू द्या..." समोर बायका कानांभोवती पदर गुंडाळून बसलेल्या. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक उबदार लाल गोळा तुरुतुरु चालत माइकपाशी आला.

"मम्मा, आर यू कोल्ड?" आणि तिने कानटोपी काढून माझ्यापुढे धरली.

मी बायकांकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, आणि खाली वाकले. गोंडा माझ्या कपाळावर आला, हॉल हसून लोटपोट झाला आणि भाषण खलास! आभार मानताना काकू म्हणाल्या, "वक्त्यांनी विषय प्रात्यक्षिकासह मांडला."

परतताना गाडीत मी पहिल्यांदाच जुईला विचारलं, "स्वेटर का गं घातलास?"

"लास्ट टाइम आय वॉज कोल्ड देअर."

खरंच की! संक्रांतीचं हळदीकुंकू त्याच हॉलमध्ये झालं होतं आणि पोर कुडकुडत होती. तिच्या लक्षात होतं, माझ्या नव्हतं. मला फार लाज वाटली. मुलांना कारण विचारावं, हे बहुधा चौथ्या प्रकरणात असावं.

माझी हुडहुडी काही जात नव्हती. मी लाडीगोडीने म्हटलं, "जुई, स्वेटर देतेस थोडा वेळ? पायावर घेते."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्वेटरची वरची गुंडीसुद्धा लावून टाकली.

"नो, मम्मा. यू चोज युअर साडी."