तोफवाल्यांचा मुठीएवढा कॅमेरा

गल्लीत त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे ‘तोफवाले’ म्हणत. तो अवजड कॅमेरा आणि हातभर लेन्स घेऊन ते लग्नाच्या हॉलमध्ये शिरले, की नवरामुलगासुद्धा पोट आत घ्यायचा. तीस वर्षं त्यांचा एकच सिद्धांत: जेवढा मोठा कॅमेरा, तेवढा मोठा फोटोग्राफर.

"या न्यायाने हत्तीने सगळ्यात छान फोटो काढायला हवेत," बायको म्हणायची.

पण दिवस फिरले. पासपोर्टचे फोटो लोक घरच्या भिंतीपाशी मोबाइलवर काढू लागले. लग्नातल्या मावश्या-आत्या मोबाइल उगारून तोफेच्या पुढ्यात घुसू लागल्या. त्यात तोफवाल्यांचा उजवा खांदा संपावर गेला. सून फिजिओथेरपिस्ट. तिने सासऱ्यांचा हात फिरवून पाहिला आणि निकाल दिला, "बाबा, हे धूड आणखी सहा महिने उचललंत, तर कंगवाही उचलता येणार नाही."

"कंगव्याचं काम तसंही संपलंय त्यांचं," सासूबाई आतून म्हणाल्या.

अशात लाकडी फर्निचरच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. नव्या दालनाच्या भिंतीवर चाळीस कारागिरांचे पुरुषभर उंचीचे फोटो लावायचे होते. मालकीणबाईंनी दोघांना नमुन्याचे फोटो काढायला सांगितलं: मंगळवारी एका तरुण फोटोग्राफरला, बुधवारी तोफवाल्यांना. हे काम गेलं, तर स्टुडिओचं शटर कायमचं खाली ओढायचं, असं तोफवाल्यांनी घरात जाहीर करून टाकलं.

सुनेने आपला कॅमेरा पुढे केला. मुठीत मावेल एवढा.

"याचा सेन्सर माझ्याच्या जेमतेम पाव," तोफवाले म्हणाले. "पुरुषभर फोटोत सगळीकडे रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतील."

"उजेड नीट घेतलात तर नाही दिसणार. उजेड तर तुम्हालाच कळतो ना?"

हा टोला वर्मी बसला. कॅमेरा त्यांनी घेतला. पण लाज कुठे ठेवायची? बुधवारी सकाळी, घरात कुणाचं लक्ष नाही असं बघून, त्यांनी जुन्या लेन्सचं भलंमोठं काळं हूड, म्हणजे उन्हाला आडवं लावायचं ते नळकांडं, त्या चिमुकल्या लेन्सला काळ्या पट्टीने चिकटवलं. चिमणीने मोराचा पिसारा लावावा, तसं ध्यान.

कारखान्यात त्याचा वचक बसला खरा. नुसते चेहरे टिपत होते तोवर निभावलं. पण कारागीर शाळेतल्या फोटोसारखे, नाकासमोर बघत, श्वास रोखून उभे.

"आता माणूस त्याच्या अख्ख्या बाकासकट घ्या," मालकीणबाई म्हणाल्या.

तोफवाल्यांनी लेन्स रुंद केली, आणि चारही कोपरे काळेकुट्ट. बोगद्यातून बघावं तसं. नळकांडंच आड येत होतं. इलाज नव्हता, चाळीस जणांच्या देखत त्यांनी पट्टी ओढली. नळकांडं निसटलं आणि भुशातून घरंगळत थेट लाकूड कातायच्या लेथ मशीनखाली गेलं. हातात उरली ती काडेपेटीची थोरली बहीण.

पॉलिश करणारी बाई म्हणाली, "अहो काका, तोफेत उंदीर होता होय?"

हशा पिकला. रंधा धरलेला म्हातारा सुतार तर बाकाला टेकून डोळे पुसू लागला. तोफवाल्यांचे कान तापले, पण बोट? बोट केव्हाच चालू झालं होतं. खिडकीचा उजेड पाठीशी घेऊन ते एका हाताने टिपत सुटले, बाकांच्या मधून, शिडीवर चढून, भुशात बसून. खांदा हूं की चूं करत नव्हता. इतका छोटा कॅमेरा आपल्यावर रोखलाय, याचं कुणाला भानच राहिलं नाही.

शनिवारी कारखान्यात दोघांचे छापील फोटो शेजारी शेजारी लागले. तरुणाच्या मोठ्या कॅमेऱ्याने सावलीतली लाकडाची रेघ न् रेघ पकडली होती. हे तोफवाल्यांनी स्वतःच, नाक जवळ नेऊन, कबूल केलं. मालकीणबाई मात्र दहा पावलं मागे सरून म्हाताऱ्या सुताराचा फोटो बघत राहिल्या.

"हे चौदा वर्षं माझ्याकडे आहेत," त्या म्हणाल्या. "यांना हसताना मी पहिल्यांदा बघतेय. सोमवारपासून या."

तोफवाले मान डोलावून निघाले ते जवळजवळ पळतच. फाटकापाशी स्टुलावर बसलेला रखवालदार दिसला आणि ते तसेच परत फिरले.

"बाई, त्या चाळिसांत तुमचा रखवालदार धरलाय का?"

"नाही बुवा. का?"

"मग एक्केचाळीस करा," असं म्हणत त्यांनी खिशातून कॅमेरा काढलासुद्धा.