धारच्या सभेत माझा गुरुबंधू

देवास हे गाव एक, पण राज्ये दोन. रस्त्याच्या एका बाजूला थोरली पाती, दुसऱ्या बाजूला धाकटी. राजे दोन, दरबार दोन, दसऱ्याच्या मिरवणुका दोन, आणि म्हणून हरदासही दोन. थोरल्या पातीच्या देवळात कीर्तनाची नेमणूक माझी होती. धाकट्या पातीच्या देवळात माझ्या गुरुबंधूची.

आम्ही दोघे एकाच बुवांच्या घरी राहून कीर्तन शिकलो. माझा गळा चांगला, पाठांतर चोख. त्याचा आवाज घोगरा. गाताना तो वरच्या सुराला पोचायचाच नाही. मग तो गाणे अर्धवट सोडून सरळ बोलायला लागायचा, आणि बोलताना माळवी मिसळायचा. आमच्या घरांतून मराठी मोठ्या कसोशीने सांभाळलेली. माळवी बोलायची ती बाजारात, टांगेवाल्याशी, धुणेवालीशी. देवापुढे उभे राहून कोणी माळवी बोलत नसे. तो बोले. बुवा त्याला रागावत आणि रागावता रागावता हसत. माझ्यावर ते कधी रागावले नाहीत, आणि माझे ऐकून कधी हसलेही नाहीत. हे मला तेव्हापासून सलत आले.

माझ्या कीर्तनाला अंमलदार मंडळी येत, शास्त्री येत. त्याच्या देवळात पायरीवर जागा उरत नसे. भाजीवाल्या बायका, पागेतले शिपाई, शिंपी, सोनार, सगळे. आपल्याला जाणता श्रोता मिळतो असे मी मनाला सांगत असे. पण एका चातुर्मासात आमचे कुटुंब शेजारणीबरोबर त्याच्या कीर्तनाला गेले आणि परत आल्यावर चुलीपुढे बसून त्याची गोष्ट मुलींना सांगू लागले, तेव्हा माझा घास तोंडातच फिरू लागला.

"माझं आख्यान कधी असं सांगत नाहीस," मी म्हणालो.

ती भाकरी उलटत म्हणाली, "तुमचं ऐकताना सावध बसावं लागतं. काही चुकायला नको असं वाटतं. भावजींचं ऐकताना आपण बसलो आहोत हेच विसरायला होतं."

तिच्या मनात काही वाकडे नव्हते. म्हणूनच ते जास्त लागले.

पुढे धारला दसऱ्यानंतर एक वक्तृत्वसभा भरू लागली. शाळेतल्या मुलांची नव्हे. बोलण्यावर ज्यांचे पोट आहे अशांची. हरदास, पुराणिक, वकील, सगळ्यांना मोकळीक. पेटी नाही, झांजा नाही, गाणे नाही. विषय आयत्या वेळी मिळायचा आणि त्यावर मराठीत नुसते बोलायचे. पहिल्याला भर सभेत शाल.

आम्ही दोघे एकाच टांग्याने निघालो. दुसरे कोण बरोबर येणार होते? इंदूरला मुक्काम करून पुढे धारपर्यंत तो टांगेवाल्याशी बोलत राहिला, त्याच्या घरच्या बैलांच्या आजाराबद्दल, कपाशीबद्दल, त्याच्या मेहुण्याच्या भांडणाबद्दल. मी मनात श्लोक घोळवत होतो.

"भिया, जरा बाहेर बघ," तो मला म्हणाला. "तलाव किती भरलाय."

मी बघितले नाही.

विषय निघाला, क्षमा. मला आनंद झाला. महाभारतातले, भागवतातले दाखले माझ्या जिभेवर होते. मी अडखळलो नाही, एक शब्द वावगा गेला नाही. लोकांनी माना डोलावल्या. मग तो उभा राहिला. थोडा वेळ पागोटे सारखे करत राहिला आणि म्हणाला, "टोंकखुर्दला एक कुंभारीण आहे."

ते ऐकताच मी दचकलो. त्या कुंभारणीला मी ओळखत होतो. आम्ही दोघे टोंकखुर्दला एका लग्नात कीर्तनाला गेलो होतो, तेव्हाची ती हकीकत. लग्नघरच्या म्हशीने पूर्वी कधी तिची वाळत घातलेली मडकी तुडवली होती. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणे बंद. आता लग्नाच्या मांडवाला उतरंड हवी, आणि गावात मडकी करणारी ती एकटीच. ती डोक्यावर उतरंड घेऊन आली, दारात उभी राहिली आणि नवरीच्या आईला म्हणाली, "घडा लई हूं, माफी नी लई." घडे आणलेत, माफी आणलेली नाही. मी तेव्हा ओसरीवर सुपारी कातरत बसलो होतो. बाईचे तोंड फटकळ आहे, एवढेच माझ्या मनात आले होते.

त्याने तेच वाक्य तसेच्या तसे, तिच्याच बोलीत सांगितले. सभा हसली. मग तो म्हणाला, "ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की माफी आणलेली नाही. पण मंडळी, मडकी घडवताना चाक फिरवावं लागतं, माती चोपावी लागते, भट्टीपाशी बसावं लागतं. ज्यांच्यावर राग आहे त्यांच्या लेकीसाठी ती हे सगळं करून बसली होती. तिच्या हातांनी केव्हाच क्षमा केली होती. जिभेला कळायचं राहिलं होतं."

पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या अंमलदाराने उपरण्याने डोळे टिपले.

शाल त्याला मिळाली. दुसरा म्हणून माझे नाव घेतले. मी उठून नमस्कार केला, तेव्हा माझ्या मनात श्लोक नव्हते, शालही नव्हती. फक्त एवढेच होते की मी तिथेच होतो. तीच ओसरी, तीच बाई, तेच शब्द माझ्याही कानांवर पडले होते. त्याने माझे चोरले असते तर मला भांडता आले असते. त्याने फक्त ऐकले होते.

परतताना पहाटे टांग्यात गार वारा लागू लागला. त्याने ती नवी शाल उलगडली आणि अर्धी माझ्या अंगावर टाकली. "घे, तुझा गळा जपायला हवा," तो म्हणाला. मी नको म्हणू शकलो नाही, कारण खरोखरच थंडी होती. देवासची टेकडी दिसेपर्यंत मी त्या शालीखाली बसलो आणि ती ऊब मला सोसत नव्हती.

काही वर्षांनी त्याच सभेचे मला बोलावणे आले, या वेळी परीक्षक म्हणून. एक निवृत्त न्यायाधीश, धारचेच एक वृद्ध शास्त्रीबोवा आणि मी. शास्त्रीबोवांना व्याकरण जाणणारा माणूस हवा होता. गुरुबंधूला सोडून मला बोलावले, याचा मला किती आनंद झाला ते सांगत नाही. मी नवे उपरणे काढले. या खेपेला मी एकट्यानेच टांगा केला.

गादीवर बसलो आणि पाहिले तर बोलणाऱ्यांच्या ओळीत तोही बसलेला. माझ्याकडे बघून तो हसला. सभा सुरू होण्यापूर्वी आम्हा तिघा परीक्षकांनी ठरवले की कोणी कोणाला कौल दिला ते बाहेर बोलायचे नाही.

त्या वर्षीचा विषय होता मौन.

इंदूरच्या एका तरुण वकिलाने फार मुद्देसूद भाषण केले. आरोपीचे मौन, साक्षीदाराचे मौन, राजाचे मौन, असे भाग पाडून तो शेवटपर्यंत नेटका बोलला. मग माझा गुरुबंधू उठला. त्याचा आवाज पूर्वीपेक्षाही घोगरा झाला होता. त्याने आमच्या बुवांच्या शेवटच्या दुखण्याची हकीकत सांगितली. कोणाचे नाव घेतले नाही.

बुवांना झटका येऊन त्यांची वाचा गेली होती. दोघे शिष्य सेवेला होते. "त्यांतला एक मी," तो म्हणाला. "मला गप्प बसवत नसे. गुरूंना बरं वाटावं म्हणून मी गावच्या गोष्टी सांगायचो, नकला करायचो. माळवीत बोलायचो, कारण त्याला ते हसत असत. आणि गुरू भिंतीकडे तोंड करायचे. दुसरा शिष्य यायचा. तो काही बोलायचा नाही. नुसता पायांशी बसायचा. मग गुरू कूस बदलून त्याचा हात धरायचे. ज्याची सगळी जिंदगी बोलण्यात गेली त्याला शेवटी न बोलणारा माणूस हवा होता. मला त्या दुसऱ्याचा हेवा वाटला. मंडळी, आज इतकी वर्षं मी बोलतोय, लोक ऐकतात, पण तो हेवा काही गेलेला नाही."

मी खाली सतरंजीकडे बघत राहिलो. बुवांच्या पायांशी मी बसत असे हे खरे. बोलायला काही सुचत नसे म्हणून बसत असे. त्यांनी माझा हात धरला होता हे मी विसरलोही होतो. ज्याच्या घोगऱ्या आवाजासाठी मी माझा गळा देऊन टाकला असता, तो माझ्या मुकेपणावर जळत होता. हे ऐकून माझे मन निवायला हवे होते. तसे झाले नाही. उलट वाटले, हेवा हीच एक गोष्ट माझी स्वतःची होती, आणि तीसुद्धा याने माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा चांगली बोलून दाखवली.

आम्ही तिघे आतल्या खोलीत गेलो. मी म्हणालो, "पहिला देवासचा हरदास. यात मला शंका नाही."

शास्त्रीबोवांनी मान हलवली. "सभा मराठीची आहे. त्यांच्या बोलण्यात 'जिंदगी' आली, मधेच माळवी आली. उद्या लोक याचाच कित्ता गिरवतील."

हे वाक्य मी कितीतरी वर्षे मनात म्हणत आलो होतो, जवळजवळ याच शब्दांत. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकताना मला ते फार हलके वाटले.

"बोवा," मी म्हणालो, "ते काढून टाकलं तर मागे व्याकरण उरेल. ते माझ्याकडे आहे. त्याला कोणी शाल देत नाही."

न्यायाधीश हसले, पण त्यांचा कौल वकिलाकडे गेला. "भाषणाला बांधणी हवी," ते म्हणाले. दोघांपुढे माझे काही चालले नाही. शाल वकिलाच्या खांद्यावर पडली. माझ्या गुरुबंधूला दुसरा म्हटले.

देवासला माझ्याआधी बातमी पोचली होती. धाकट्या पातीत तर सगळ्यांनी ठरवूनच टाकले की मी त्याला पाडले. सोनाराने माझ्या नमस्काराला नमस्कार केला नाही. भाजीवाली म्हणाली, "पंडतजी, अपना आदमी थो." घरात कुटुंबाने विचारले नाही, ताट वाढून ती आत गेली. मला शब्दाने बांधले होते. बोललो असतो तरी कोणी खरे मानले नसते, कारण मी त्याच्यावर जळतो हे सगळ्या गावाला ठाऊक होते आणि ते खोटे नव्हते.

तुळशीच्या लग्नाला तो आमच्याकडे आला. फराळ करून झाल्यावर पान लावत म्हणाला, "लोक तुला बोलतात म्हणे."

"बोलू देत."

"मी त्यांना सांगितलं, परीक्षकांनी काय केलं ते मला विचारायचं नाही आणि त्यालाही विचारायचं नाही." पान त्याने माझ्या हातावर ठेवले. "मी बोलत होतो तेव्हा तू एकदाही वर बघितलं नाहीस. वकिलाकडे मात्र टक लावून बघत होतास. तू मला पाडलं नाहीस हे कळायला मला तेवढं पुरलं."

आतल्या दारापाशी उभ्या असलेल्या कुटुंबाने ते ऐकले. दुसऱ्या दिवशी सोनाराने मला नमस्कार केला. तिने कोणाला सांगितले ते मी विचारले नाही. पण माझे निर्दोषपण गावाला पटले ते त्याच्या तोंडच्या शब्दांनी, माझ्या नव्हे, हे मला झोंबल्याशिवाय राहिले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याला नर्मदेकाठच्या एका देवस्थानात कायमची नेमणूक मिळाली आणि तो बिऱ्हाड घेऊन गेला. धाकट्या पातीचे देऊळही माझ्याकडे आले. पहिल्या कीर्तनाला पायरीपर्यंत माणसे होती. माझे गाणे त्यांनी मन लावून ऐकले, आरतीला थांबले, बुक्का लावून घेतला. जाताना बायका आपसात त्याचीच एक गोष्ट सांगत होत्या. मी झांजा पिशवीत घालत ती शेवटपर्यंत ऐकली. चांगली होती.