देवी न्हाई, गाठ हाय

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला, माझ्या घरी होते. दादा एवढंच म्हणाला, "संगे... घराचा आवाज गेला." आता महिना उलटून गेला. भेटायला येणारे 'झुंज अखेर अपयशी ठरली' असं म्हणतात आणि माझं डोकं सणकतं. मंदावहिनी हरली नाही. ती मेली, आणि मरेपर्यंत भांडत राहिली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कंधारजवळच्या आमच्या गावी ती लग्न होऊन आली तेव्हा तिचं बोलणं शेजारच्या खोलीतही ऐकू जायचं नाही. पुढे पोरं मोठी झाली, थोरल्याला नोकरी लागली, आणि त्याच सुमारास तिचा चेहरा गोल, लालबुंद झाला. पोट सुटलं, हातपाय मात्र काडीसारखे. "सुख अंगी लागलं," बायका म्हणाल्या. मग हनुवटीवर राठ केस आले, पाळी थांबली, आवाज पुरुषासारखा घोगरा झाला आणि ती एकाएकी कडाडू लागली. यावर आमच्या गावानं काय निदान करावं? तिच्या अंगात देवी आली! दर मंगळवारी बायका पाया पडायला येऊ लागल्या, आणि त्यांत सगळ्यात पुढे माझी आई. सुनेच्या पायांवर तिनं स्वतः हळद वाहिली. वहिनीचं डोकं ठणकायचं, साधा धक्का लागला तरी अंगावर काळेनिळे डाग उठायचे. "मला बरं वाटंना," ती सांगायची, तर बायका हात जोडून म्हणायच्या, "माय, कोप करू नको."

शेवटी तीच दादाला म्हणाली, "चला नांदेडला, न्हाईतर मी एकटी जाते." मीही लातूरहून तिथं पोचले. डॉक्टरांनी बीपी पाहिलं, साखर पाहिली, तिचा चेहरा न्याहाळला आणि रक्तातले हार्मोन तपासायला लावले. सीटी स्कॅनमध्ये डाव्या मूत्रपिंडाच्या वर मोठी गाठ दिसली. डॉक्टरांनी नीट समजावलं. प्रत्येक मूत्रपिंडावर टोपी घातल्यासारखी एक लहानशी ग्रंथी असते, अधिवृक्क ग्रंथी. शरीराला लागतील तेवढेच हार्मोन ती सोडते. वहिनीच्या गाठीनं तो नळ उघडाच टाकला होता. चेहरा, केस, आवाज, बीपी, साखर, सगळं तिथून आलेलं. या ग्रंथीच्या गाठी बहुतेकदा साध्या असतात, कर्करोगाची क्वचित, पण वहिनीची तीच निघण्याची दाट शक्यता होती. दादा रडू लागला. वहिनी मात्र... हसली. "म्हंजे मी येडी न्हाई," ती म्हणाली.

हैदराबादला गाठ काढली. ती कर्करोगाचीच निघाली. हळूहळू चेहऱ्याची सूज उतरली, पण आवाज काही परतला नाही, आणि तिलाही जुना आवाज आता नको होता. गावी आल्यावर पहिल्याच मंगळवारी ओसरीवर बायका जमल्या. वहिनी डोक्यावरचा पदर मागे सारून, हनुवटी पुढे करून उभी राहिली. "नीट बघा. देवी न्हाई, गाठ हाय. कॅन्सरची." संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर तिनं कमाल केली. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना बसवून घेतलं आणि दंडाला बीपीचा पट्टा बांधून घेतल्याशिवाय एकीलाही वाण दिलं नाही. कुणी तोंड वाकडं केलं, तर त्या भरड आवाजात असा उखाणा घेतला की पार चावडीवर ऐकू गेला.

पुढे रोग यकृतात पसरला. गोळ्यांनी तिला अन्न जाईना. "भ्या वाटतं का गं?" मी एकदा विचारलं. "लई वाटतं. पण गप बसून भ्यायचं न्हाई आता." त्याच दिवशी तिनं आईला जवळ बोलावलं. "आत्याबाई, मी गेल्यावर माझा दगड मांडू देऊ नका. माझी देवी झाली, तर पुढच्या बाईची गाठ कोण बघंल?" आईनं तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. ती हे पाळेल याची मला खात्री वाटेना.

तेरावं झालं आणि दोघी जणी नारळ अन् शेंदूर घेऊन दारात आल्या. वहिनीचं ठाणं मांडू या म्हणाल्या. दादानं मान खाली घातली. मी तोंड उघडणार, तोच आईनं नारळ हातात घेतला आणि ती आत गेली. मला वाटलं, झालं, आता वहिनीच्या फोटोपुढे फोडणार. पण तिनं तो स्वयंपाकघरात फोडला, पाट्यावर मिरची-लसूण घालून वाटला, आणि भाकरी-चटणीची ताटं त्या दोघींपुढे ठेवली.

"खावा. माझी सून होती ती. बिमारीनं गेली. अन् मी तिच्या पायावर हळद वाहून राहिले होते..."

आई रडेल असं वाटलं, पण ती त्यांतल्या धाकटीकडे बघत राहिली. मग पुढे सरकून तिनं त्या बाईची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं.

"तुझं तोंड कवापासून असं सुजलंय गं?"